खून नाही, धंदा वाचायला घ्या : जॉन डनिंगची क्लिफ जेनवे मालिका

अमेरिकन लेखक जॉन डनिंगच्या क्लिफ जेनवे या रहस्यकथांच्या मालिकेबद्दल लिहायचं खूप दिवस डोक्यात होतं, पाचही पुस्तकं वाचून झालीयेत, तर आता लिहूनच टाकतो. स्पॉयलर देणार नाहीये, खुनी कोण ते तुमचं तुम्ही शोधा. थोडक्यात मत हवं असेल तर रहस्यकथा म्हणून ही मालिका पहिल्या पुस्तकापासून हळूहळू उतरत जाते, पण दुर्मीळ पुस्तकांच्या धंद्यावरची कादंबरी म्हणून पहिली दोन पुस्तकं इतकी खणखणीत आहेत की खून कोणी केला हे मध्येच विसरायला होतं आणि त्याचं काही वाटतही नाही.

हिरो क्लिफ जेनवे, अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातला खून प्रकरणं बघणारा पोलीस डिटेक्टिव्ह. वरून एकदम राकट, मारामारीला कधीही तयार, पण घर बघाल तर पुस्तकांनी भरलेलं, आणि नुसती वाचायची पुस्तकं नाहीत, फर्स्ट एडिशन्स. पहिल्या पुस्तकात, म्हणजे 'बुक्ड टू डाय' मध्ये, एका गल्लीत बॉबी वेस्टफॉल नावाच्या माणसाची बॉडी सापडते. हा बॉबी बुकस्काउट. आता बुकस्काउट म्हणजे काय, तर ज्याचं स्वतःचं दुकान नाही, बहुतेक वेळा धड घरही नाही, पण डोक्यात पुस्तकांची अख्खी बाजारपेठ आहे असा माणूस. सकाळी उठून जुन्या कपड्यांची-भांड्यांची धर्मादाय दुकानं, लोकांच्या गराजमधले सेल, रद्दीचे ढीग असं सगळं पालथं घालायचं, अर्ध्या डॉलरला एखादं पुस्तक उचलायचं, ते डीलरला दहा-वीस डॉलरला विकायचं आणि डीलर ते पुढे शंभरला विकणार. आपल्याकडे रद्दीच्या दुकानांत आणि फुटपाथवर फिरणारी अशी दोन-चार मंडळी सगळ्यांच्याच ओळखीची असतात, पिशवी खांद्याला, बोटं काळी, आणि कुठलंही पुस्तक दाखवा, बघताक्षणी सांगणार की ही दुसरी आवृत्ती आहे, पहिलीचं कव्हर वेगळं होतं. तर असा एक माणूस मारला जातो, ज्याच्याकडे चोरण्यासारखं काहीच नाही, आणि सगळ्यांना प्रश्न पडतो की याला मारून कुणाला काय मिळालं असेल.

जेनवेला एका माणसाचा संशय असतो, जॅकी न्यूटन नावाचा एक पैसेवाला आणि महाक्रूर गुंड, त्यांचं जुनं वैर. त्यातून एक प्रकरण असं घडतं की जेनवेला पोलिसातली नोकरी सोडावी लागते, आणि मग तो काय करतो तर ईस्ट कोलफॅक्स अॅव्हेन्यूवर पुस्तकांचं दुकान टाकतो. इथून पुढे पुस्तकाला जो रंग चढतो ना, तो बघण्यासारखा आहे. खुनाचा तपास चालू असतोच, पण त्याच्या कडेकडेनं दुकान कसं उभं राहतं हे इतकं निवांत आणि इतकं बारकाईनं सांगितलंय की मला तर वाटलं हाच खरा प्लॉट आहे. शेल्फ कुठे लावायचे, पहिला माल कुठून आणायचा, दारातून आलेल्या माणसाच्या पिशवीत काय आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं पण स्वतःच्या चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. आणि शेजारपाजारचे डीलर! एक नुसता हॉररवाला, एक श्रीमंतांनाच दुकानात घेणारा, एक पार्टनरशिपमधली जोडी जी आज माल विकून उद्याचं भाडं भरते. सगळे एकमेकांना माल विकतात, एकमेकांची चहाडी करतात, एकमेकांकडून उसने पैसे घेतात. कुठल्याही बाजारपेठेत बसलेल्या माणसाला हे चटकन पटेल.

हे सगळं खरं वाटतं त्याला कारण आहे. डनिंगचं स्वतःचं डेन्व्हरला दुकान होतं, ओल्ड अल्गॉनक्विन बुकस्टोअर, 1984 ते 1994. आधी तो डेन्व्हर पोस्टमध्ये पत्रकार होता, कादंबऱ्या लिहीत होता, मग प्रकाशकांशी बिनसलं आणि लिहिणं बंद करून बायकोबरोबर हे दुकान काढलं. म्हणजे लेखक लिहायचा थांबला, दुकानात बसला, दुकानात जे बघितलं ते घेऊन परत लिहायला लागला आणि 1992 मध्ये 'बुक्ड टू डाय' आलं. त्यामुळे यात रिसर्च केल्याचा वास कुठेच येत नाही. ज्यांनी आयुष्यात कधी दुकान चालवलं नाही असे लेखक दुकानाबद्दल लिहितात तेव्हा दुकानात कायम गिऱ्हाईक असतं आणि बोलायला कायम वेळ असतो. इथे दुपारच्या दुपार कोणी येत नाही.

आता मुद्द्याचं. ही मालिका वाचून मला जे कळलं ते आधी कुठेच धड कळलं नव्हतं, ते म्हणजे एक पुस्तक दोन डॉलरचं आणि तेच पुस्तक दोन हजार डॉलरचं कसं असतं. कॉपीराइटच्या पानावर आकड्यांची ओळ असते, त्यात 1 असेल तर साधारणपणे पहिली छपाई, पण प्रत्येक प्रकाशकाची पद्धत वेगळी, कोणी 'फर्स्ट एडिशन' असं सरळ लिहितो, कोणी काहीच लिहीत नाही, आणि स्क्रिब्नर नावाचा प्रकाशक कितीतरी वर्षं त्या पानावर नुसता A छापायचा. मग बुक क्लबच्या आवृत्त्या. अमेरिकेत मेंबर लोकांना पोस्टानं स्वस्तात हार्डकव्हर पुस्तकं पाठवणारे क्लब होते, ती पुस्तकं लांबून हुबेहूब पहिल्या आवृत्तीसारखीच दिसतात, पण कागद हलका, जॅकेटच्या आतल्या घडीवर किंमत छापलेली नसते आणि मागच्या पुठ्ठ्यावर खाली, कण्याच्या जवळ, एक छोटासा दाबलेला खळगा असतो, कधी गोल कधी चौकोनी. बोट फिरवलं की कळतं. तो खळगा असला की पुस्तक संपलं, संग्राहकाच्या दृष्टीनं किंमत शून्य. 'बुक्ड टू डाय' मध्ये एका म्हाताऱ्याच्या घरातली अख्खी लायब्ररी अशी बुक क्लबची निघते, तज्ज्ञ येऊन सांगून जातात की कचरा आहे, आणि तरी बॉबी वेस्टफॉल त्या घराभोवती का घुटमळत होता हा प्रश्न उरतो. बस, यापुढे बोलत नाही.

जॅकेटचं तर वेगळंच प्रकरण. डस्ट जॅकेट म्हणजे पुस्तकाला वरून घातलेलं कागदी वेष्टण, आपण जे शाळेत असताना फाटलं की सरळ फेकून द्यायचो ते, त्याच्यावर अख्खी किंमत ठरते. स्कॉट फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी' ची 1925 सालची पहिली छपाई घ्या, नुसतं पुस्तक असेल तर काही हजार डॉलर, आणि ओरिजिनल जॅकेटसकट चांगल्या अवस्थेत असेल तर लिलावात एक लाख डॉलरच्या वर गेलंय. त्यातही ते पहिल्या छपाईचं आहे हे ओळखायचं कसं, तर 205 पानावर 'sickantired' च्या जागी 'sick in tired' असं पडलेलं असतं आणि जॅकेटच्या मागच्या बाजूला 'Jay Gatsby' या नावातला पहिला J चुकून छोटा (j) छापला गेला तो नंतर हातानं मोठा केलेला असतो. म्हणजे छापखान्यातल्या कुणाच्या तरी चुकीला लोक घराच्या किमतीइतके पैसे मोजतात. अशा चुकांना धंद्यात 'पॉइंट' म्हणतात. हे गॅट्सबीचं उदाहरण मी माझ्या पदरचं देतोय, कादंबरी वाचून झाल्यावर मी जे वाचत सुटलो त्यातलं, पण मालिका तुम्हाला हीच सवय लावते. मी तर आता फुटपाथवर कुठलंही हार्डकव्हर दिसलं की आधी मागचा पुठ्ठा चाचपतो, विकणारा बघत असतो की या माणसाचं नक्की काय चाललंय.

आणि यात जेनवे भाषणं ठोकतो, ती मला आवडली. स्टीफन किंगच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांना मार्क ट्वेनच्या तोडीचे पैसे का मिळावेत, यावर त्याची चिडचिड होते, आणि स्वतः तीच पुस्तकं विकून भाडं भरतो. हा दुटप्पीपणा लेखकाला कळतो, तो लपवत नाही. त्यातून एक प्रश्न सतत डोकं वर काढतो: दारात एखादी बाई मेलेल्या नवऱ्याची पुस्तकं घेऊन आली, ती म्हणाली द्या काहीतरी, आणि त्यात एक पुस्तक हजार डॉलरचं आहे हे फक्त तुम्हालाच माहितीये, तर तिला किती द्यायचे? जेनवे यात सरळ आहे, बाकीचे सगळे नाहीत, आणि कोण किती देतो यावरून डनिंग माणसं ओळखायला शिकवतो. खुन्याचा माग काढायला पण हेच उपयोगी पडतं असं मला दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं, कारण क्लू बंदुकीत आणि ठशांत कमी आहेत आणि भावात जास्त आहेत.

आता कुणीही म्हणेल की पुस्तकासाठी कोण खून करतं, जरा अतीच होतंय. मला पण वाटलं होतं. पण डेन्व्हरच्या शेजारच्या यूटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीत, ऑक्टोबर 1985 मध्ये मार्क हॉफमन नावाच्या माणसानं पाइप बॉम्ब लावून दोन जणांना मारलं होतं, आणि हा माणूस काय करायचा तर जुनी कागदपत्रं विकायचा. मॉर्मन पंथाची जुनी पत्रं, अमेरिकेच्या वसाहतकाळातली छापील पत्रकं, सगळी स्वतः बनवलेली, शाई-कागद सगळं जुनं दिसेल असं, आणि मोठमोठ्या तज्ज्ञांनी ती खरी म्हणून घेतली होती. भांडं फुटायची वेळ आली तेव्हा त्यानं माणसं मारली. तिसरा बॉम्ब त्याच्याच गाडीत फुटून तोच जखमी झाला. आणि 1990 मध्ये आयोवामध्ये स्टीफन ब्लूमबर्ग पकडला गेला, त्याच्या घरातून देशभरातल्या लायब्रऱ्यांतून चोरलेली वीस हजारांहून जास्त पुस्तकं निघाली, आणि ती त्यानं विकलीही नव्हती, फक्त जवळ हवी होती. हे वाचल्यावर डनिंगचे खून फार म्हणजे फारच साधे वाटायला लागतात.

बरं, तक्रारी. पहिली आणि सगळ्यात मोठी म्हणजे बायका. या मालिकेत बाई आली की ती देखणी असणार, जेनवेशी दोन पानं टोमणेबाजी करणार आणि मग प्रेमात पडणार. रिटा मॅकिन्ली ही पहिल्या भागातली मोठी डीलर, खरं तर भन्नाट पात्र, डोंगरात राहते, फोन उचलत नाही, ज्याला भेटायचं त्यालाच भेटते, पुस्तकांची समज जेनवेपेक्षा दहापट, पण तिच्यात आणि जेनवेत जे संवाद आहेत ते चाळीसच्या दशकातल्या सिनेमात चालले असते. दोघं चमकदार वाक्यं फेकत बसतात. त्याउलट त्याच्या दुकानात कामाला लागलेली स्कॉटिश मुलगी, मिस प्राइड, तिचं पात्र किती साधं आणि किती जिवंत, दुकानात कामाला लागल्यापासून तिला जी पुस्तकांची नजर येत जाते ते वाचताना छान वाटतं. तिच्यावर आणखी लिहायला हवं होतं.

दुसरी तक्रार मारामारी. जेनवेला मुठी आवळायची भारी हौस, आणि जॅकी न्यूटनवाला सगळा भाग, म्हणजे ज्यामुळे नोकरी जाते तो, मला पुस्तकाला बाहेरून शिवल्यासारखा वाटला. पोलिसानं कायदा हातात घेतला तरी आपण त्याच्याच बाजूनं उभं राहावं अशी लेखकाची अपेक्षा आहे आणि मला ते जमलं नाही. ज्यांना हाणामारी आवडते त्यांना हाच भाग आवडेल, तेव्हा हे माझं मत म्हणून सोडून द्या.

दुसरा भाग 'द बुकमन्स वेक', 1995 सालचा, माझ्या मते मालिकेतला सर्वोत्तम, पहिल्यापेक्षाही. जेनवेचा एक जुना पोलिसातला ओळखीचा, स्लेटर नावाचा आगाऊ माणूस, त्याला कामाला लावतो: सिअॅटलला जा, जामिनावर सुटून पळालेल्या एलेनॉर रिग्बी नावाच्या मुलीला पकडून आण. हो, बीटल्सच्या गाण्यातलंच नाव, आणि पुस्तकात त्यावर बोलणं होतंच. तिच्यावर आरोप काय, तर एडगर अॅलन पोच्या 'द रेव्हन' कवितेची एक अत्यंत दुर्मीळ आवृत्ती चोरल्याचा. ही आवृत्ती काढणारा ग्रेसन प्रेस हा काल्पनिक आहे, वॉशिंग्टन राज्यातल्या नॉर्थ बेंड गावात दोन भाऊ हातानं पुस्तकं छापायचे, 1969 मध्ये आग लागून दोघं मेले, आणि मेल्यावर त्यांच्या पुस्तकांना सोन्याचा भाव आला. आता ती 1969 ची रेव्हन आवृत्ती खरंच निघाली होती की नाही यावरच वाद आहे. जे पुस्तक अस्तित्वात आहे की नाही हेच माहीत नाही त्याच्यासाठी माणसं मरतायत, म्हणजे बघा.

यातलं छपाईचं वर्णन वाचण्यासारखं आहे. ज्यांच्या घरात कुणी छापखान्यात होतं, खिळे जुळवणारे कंपोझिटर, ट्रेडल मशीनवर पाय मारणारे, शाईचे हात घरी आल्यावर रॉकेलनं धुणारे, त्यांनी हा भाग नक्की वाचावा. टाइप स्वतः डिझाइन करायचा, कागद निवडायचा, कागदात अक्षर किती खोल दाबलं जावं यासाठी रात्र रात्र जागायचं, आणि एक अक्षर मनासारखं उमटलं नाही तर केलेलं सगळं फेकून द्यायचं. डॅरिल ग्रेसन हे पात्र कादंबरीत एकदाही समोर येत नाही, आधीच मेलेला आहे, पण सगळ्यात जास्त तोच लक्षात राहतो. त्याच्या भावाच्या मनातली असूया, त्याच्याकडे शिकलेला गॅस्टन रिग्बी जो अजून त्याच्या सावलीतून बाहेर आलेला नाही, त्याच्यावर पुस्तक लिहिणारी पत्रकार ट्रिश, प्रत्येकाचा ग्रेसन वेगळा आहे. आणि सिअॅटलचा पाऊस. पानोपानी पाऊस. कोकणातल्या माणसाला त्याचं काही विशेष वाटणार नाही, पण डेन्व्हरच्या कोरड्या हवेतून आलेला जेनवे पार वैतागतो ते मजेशीर आहे. हे पुस्तक रहस्यकथांसाठीच्या एडगर पुरस्काराच्या नामांकनापर्यंत गेलं होतं आणि मिळायला हवं होतं असं माझं मत. शेवटी जरा जास्तच प्रेतं पडतात आणि उलगडा करायला लांबलचक संवाद लागतो, तेवढं चालवून घ्या.

मग मालिकेत नऊ वर्षं काहीच नाही. 2004 मध्ये तिसरा, 'द बुकमन्स प्रॉमिस'. हा आपल्या लोकांनी वाचावा असं मी मुद्दाम सांगेन कारण याच्या मध्यभागी रिचर्ड बर्टन आहे. सिनेमातला नट नाही हो, एकोणिसाव्या शतकातला तो इंग्रज प्रवासी, वेष बदलून मक्केला गेलेला, अरेबियन नाइट्सचं भाषांतर करणारा. हा माणूस 1842 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या 18व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीत भरती होऊन मुंबईला उतरला होता, बडोद्याला राहिला, गुजराती, मराठी, सिंधी अशा एकामागोमाग एक भाषांच्या सरकारी परीक्षा पास झाला, पुढे आजारपणाच्या रजेवर गोव्याला आणि निलगिरीला गेला आणि त्यावरच 1851 मध्ये पुस्तक काढलं. गोव्यातल्या लोकांबद्दल त्यानं जे लिहिलंय ते वाचून राग येईल असं आहे, पण ते जाऊ दे. डनिंगच्या कादंबरीत हिंदुस्थान जवळपास नाहीच, सगळी भानगड 1860 सालच्या अमेरिकेची आहे. बर्टन त्या वर्षी खरोखर अमेरिकेत होता, सॉल्ट लेक सिटीला जाऊन आला, त्यावर 1861 मध्ये पुस्तकही लिहिलं, पण तिकडे निघण्याआधीचे काही महिने तो नक्की कुठे होता आणि काय करत होता याची धड नोंद नाही. डनिंगनं बरोबर तीच फट पकडलीये. तो म्हणतो बर्टन दक्षिणेत गेला असेल, चार्ल्सटनला, जिथे पुढच्याच वर्षी फोर्ट समटरवर तोफा डागल्या जाऊन यादवी युद्ध सुरू झालं, आणि सोबत एक अमेरिकन मित्र होता, आणि त्या मित्राला बर्टननं आपली पुस्तकं सह्या करून पाठवली होती.

सुरुवात झकास आहे. जेनवे बोस्टनच्या लिलावात बर्टनचं सही केलेलं पुस्तक 29,500 डॉलरला घेतो, पेपरात नाव येतं, आणि काही दिवसांनी एक अतिवृद्ध बाई त्याच्या दारात उभी राहते आणि म्हणते हे पुस्तक माझ्या आजोबांचं आहे, आमच्याकडून लुबाडलं गेलंय. कायद्यानं पुस्तक जेनवेचं. पैसे मोजलेत, पावती आहे. पण पहिल्या भागातला तोच प्रश्न इथे फिरून त्याच्याच अंगावर येतो, ज्याला किंमत माहीत नव्हती त्याच्याकडून कुणीतरी कधीतरी घेतलंय, आणि आता तो माल माझ्या कपाटात आहे. पहिली शंभर पानं मी एका बैठकीत वाचली. मधेच बर्टनच्या प्रवासाची लांब गोष्ट येते, ती पण सुंदर, डनिंग स्वतः चार्ल्सटनला वाढलेला असल्यामुळे त्या गावाची हवा बरोबर पकडलीये. वर्तमानकाळात परत आलो की मात्र गाडी अडखळते. गुंड येतात, धमक्या येतात, पाठलाग होतात, आणि ते सगळं आधी कुठेतरी वाचल्यासारखं वाटतं. वकील एरिन डी'अँजेलो यात पहिल्यांदा येते, पुढच्या भागांतही आहे, तिचं आणि जेनवेचं बोलणं रिटापेक्षा बरंय पण फार नाही.

चौथा 'द साइन ऑफ द बुक', 2005. कोलोरॅडोच्या डोंगरातलं छोटं गाव, एरिनच्या जुन्या मैत्रिणीवर नवऱ्याच्या खुनाचा आरोप, घरात लेखकांच्या सह्या असलेली पुस्तकं. सही खरी की खोटी हा विषय इतका भारी होता आणि त्यावर अख्खी कादंबरी उभी राहिली असती, पण निम्म्याच्या वर पुस्तक कोर्ट, जेल आणि एका माजोरड्या डेप्युटीभोवती, म्हणजे तिथल्या पोलिसाभोवती, फिरतं. पुस्तकवाले सीन आले की जीवात जीव येतो. पाचवा 'द बुकवुमन्स लास्ट फ्लिंग', 2006, त्यात घोड्यांच्या शर्यती. लेखकानं तरुणपणी रेसकोर्सवर काम केलं होतं आणि ते कळतं, तबेल्यातली कामं, घोडा फिरवून गार करणं, हे सगळं माहितीतून आलंय, पण मी पुस्तकांसाठी आलो होतो हो. मुलांच्या जुन्या पुस्तकांचा एक अफाट संग्रह, त्यातली चांगली पुस्तकं कुणीतरी काढून त्या जागी स्वस्तातल्या आवृत्त्या ठेवल्यात, इतकी चांगली सुरुवात करून पुढे घोडेच घोडे. त्याच वर्षी डनिंगच्या मेंदूत ट्यूमर निघाला, ऑपरेशन झालं, त्यानंतर त्याची नवीन कादंबरी आली नाही, आणि मे 2023 मध्ये तो गेला. त्यामुळे मालिकेला शेवट असा नाही, पाचव्या पुस्तकाबरोबर ती थांबते.

वाचायच्या आधी एक माहीत असू द्या, हे सगळं ऐंशीच्या दशकातलं जग आहे. इंटरनेट नाही, त्यामुळे एखाद्या पुस्तकाची किंमत डेन्व्हरच्या माणसाला एक वाटते आणि न्यूयॉर्कच्या माणसाला दुसरी, आणि मधल्या फरकावर बॉबी वेस्टफॉलसारख्यांचं पोट चालतं. आज कुणीही फोन काढून दहा सेकंदांत भाव बघतो, म्हणजे या कथांमधले निम्मे खून आज झालेच नसते, निदान या कारणासाठी तरी नाही. त्यातले डॉलरचे आकडे पण त्या काळचे आहेत, ते वाचून कुणी जुनी पुस्तकं विकत घ्यायला धावू नका. आणि गंमत म्हणजे 'बुक्ड टू डाय' ची पहिली आवृत्ती आता स्वतःच कलेक्टर लोकांची वस्तू झालीये, स्वच्छ जॅकेट असलेली पहिल्या छपाईची प्रत मागायला गेलात तर साध्या प्रतीच्या कितीतरी पट पैसे मागतात.

इंग्रजी सोपं आहे. जड शब्द फारसे नाहीत, डायलॉग भरपूर, त्यामुळे इंग्रजी कादंबऱ्यांची सवय नसलेल्यांनाही जमेल, फक्त धंद्यातले शब्द सुरुवातीला अडतात, पन्नास पानांनंतर आपोआप कळायला लागतात. नवीन पेपरबॅक इथे मागवली तर महाग पडते आणि यायला वेळ लागतो, ई-बुक स्वस्त आहे. मला पहिला भाग सेकंडहँड मिळाला, कडा पिवळ्या पडलेल्या आणि आत कुणीतरी पेन्सिलीनं खुन्याच्या नावाखाली रेघ मारून ठेवलेली, तीसुद्धा साठाव्या पानावर, तर जुनी प्रत घेणार असाल तर विकणाऱ्याला आधी पानं चाळून बघायला सांगा.

पहिला आणि दुसरा सलग घ्या. तिसरा बर्टनसाठी घ्या. चौथा प्रवासात ठीक आहे, आणि पाचवा तुम्हाला महालक्ष्मी रेसकोर्सची आवड असेल तरच.